पिवळ्या दोऱ्याची लड

पुणे,
मंगळवार

प्रिय आई,

पोस्टमनच्या हातात माझं पत्र बघून तू घाबरणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: मी धडधाकट आहे, नोकरी शाबूत आहे आणि लग्न परस्पर उरकलेलं नाही. पत्र अशासाठी, की फोनवर तुला आता माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ऐकू आल्यासारखं तू दाखवतेस. नानांच्या मोबाइलवर लिहून पाठवलं असतं, पण ते नवऱ्याच्या हक्कानं आधी नाना वाचणार, मग तुझ्या डाव्या कानाशी येऊन मोठ्यानं वाचणार, म्हणजे बातमी थेट बानूबाईच्या अंगणात. हे फक्त तुझ्यासाठी आहे. चष्मा लावून सावकाश वाच आणि मधेच भाकरी टाकायला उठू नकोस.

घटस्थापनेच्या सोमवारपासून तू पुन्हा फटाक्याच्या शेडला जाणार, असं नानांनी कळवलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मी पुन्हा लिहून देते, कारण त्या दिवशी तू त्यांच्याकडं बघून नुसती मान डोलावली होतीस. उजवा कान गेला तो गेला. डाव्या कानात निम्मं उरलंय. शेडमागच्या मैदानात रोज चाचणीचे फटाके उडतात, त्यांच्या शेजारी आणखी एक हंगाम काढलास तर तेवढंही राहणार नाही. त्यावर तुझं उत्तर नानांनी मला जसंच्या तसं ऐकवलं: "औंदा चौदा पोरी नव्या हायेत. त्यांला गाठ कोण शिकवणार? मालक शिकवणार का?" मुद्दा खोटा नाही, हे मी मान्य करते. पण मी हट्टाला पेटलेय हे आत्ताच सांगून ठेवते. हा हट्ट माझ्यात कुठून आला, ते तुला चांगलंच माहीत आहे.

त्याआधी दुसरं एक सांगू दे. नोकरीला लागून मला चार वर्षं झाली, पण मी काम काय करते ते मी तुला एकदाही धड सांगितलं नाही. गावात तू सांगतेस, "कंप्युटरवर आवाज करती." त्यावर बानूबाई म्हणाली होती, "आवाज कराया कंप्युटर कशाला? माझ्या सुनंला धाडू का?" तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले आणि विषय तिथंच सोडला. खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं. इथं ऑफिसात तर मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी आई शिवणकाम करते. तुझ्या हातात दोरा असतो, एवढंच काय ते त्यात खरं. मला लाज तुझी वाटत नव्हती गं. कशाची वाटत होती ते पुढं लिहिणार आहे. आत्ताच लिहायला घेतलं तर हे पत्र पुरं व्हायचं नाही.

आमची कंपनी सिनेमांना आणि मोबाइलवरच्या खेळांना आवाज पुरवते. आवाज बाहेर जाऊन टिपूनही आणता येतो, पण टिपलेला आवाज दर वेळी तस्साच वाजतो, त्याला लांब कर म्हटलं तर होत नाही, हळू हो म्हटलं तर ऐकत नाही. म्हणून आम्ही तो मुळापासून घडवतो. त्यासाठी कंप्युटरची एक भाषा आहे, तिच्यात लिहायचं आणि लिहिलेलं स्पीकरमधून वाजतं. फटाका घडवायचा तर आधी नुसती खरखर घ्यायची, रेडिओला स्टेशन लागत नसलं की येते तशी. मग ती चाळायची. तुमच्याकडं फटाक्याची दारू चाळतात ना, तशी आवाजालाही चाळणी असते, हवं तेवढं खाली घ्यायचं आणि बाकीचं वर ठेवायचं. मग तो आवाज किती झटक्यात चढणार आणि किती वेळानं विरणार हे ठरवायचं. म्हणजे दारूच्या धंद्यातून मी काही सुटले नाही, फक्त माझी दारू कुणाला भाजत नाही.

ह्या भाषेत सगळ्यात आधी साचा लिहायचा असतो. आम्ही त्याला क्लास म्हणतो. फटाक्याच्या साच्यात एवढंच लिहायचं, की नळी असेल, दारू असेल, वात असेल, दोरा असेल. साचा स्वतः कधी वाजत नाही. त्यातून एकेक फटाका काढायचा, त्याला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि मग प्रत्येकाची नळी वेगळी, दारू वेगळी, वात वेगळी. प्रत्येकजण आपली माहिती आपल्याजवळ ठेवतो. बाहेरून कुणी त्याच्या पोटात हात घालायचा नाही, फक्त निरोप द्यायचा, मग काय करायचं ते तो बघून घेतो. माझ्यासोबत काम करणारा कृष्णराज म्हणाला, "ह्यात दोऱ्याचा रंग कशाला लिहिलायस? रंग काय ऐकू येतो?" मी त्याला सांगितलं, आमच्या गावच्या शेडमध्ये प्रत्येक बाईचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो. लड फसली तर दोरा बघून कळतं कुणी बांधली, आणि ज्या बाईचा दोरा तिनंच जाऊन ती बघायची. त्याला ते फार आवडलं. मग त्यानं विचारलं, कुणी रंग सांगितला नाही तर तुझ्या साच्यात आपसूक पिवळा का येतो? मी म्हटलं, काहीतरी घालायचं म्हणून घातला.

एका सिनेमात गावच्या यात्रेची मिरवणूक होती आणि तिच्यात हजाराची लड वाजायची होती. ती मी मोठ्या तोऱ्यात मागून घेतली. फटाक्यांच्या तेरखेड्याच्या पोरीशिवाय कोण करणार, असं मनात होतं, तोंडानं अर्थात नाही म्हटलं. पहिली लड मी कशी लिहिली सांगू? एक मुकादम ठेवला. मुकादमाजवळ हजार फटाक्यांची यादी, त्यानं घड्याळात बघायचं आणि एकेकाला हुकूम सोडायचा: तू वाज, आता तू, आता तू. फटाक्यांना अक्कल काहीच नाही, सगळी अक्कल मुकादमाला. वाजली झकास. कृष्णराजनं टाळ्या वाजवल्या. फाल्गुनात तू कानाच्या तपासणीनंतर आठ दिवस माझ्याकडं राहायला आली होतीस, तेव्हा मी हेडफोन तुझ्या डाव्या कानाला लावले आणि तुझ्या तोंडाकडं बघत बसले. तू लड संपेपर्यंत ऐकलंस, हेडफोन काढून माझ्या हातात दिलेस आणि म्हणालीस, "ह्यी मशिनीनं बांधलीय. हजारात येक बी फुसका न्हाय. आसली लड आसती का कुठं?"

मला असा राग आला होता ना! चहा टाकायला म्हणून उठले आणि तुझ्या कपात साखर घालायचं मुद्दाम विसरले. वर तू सुतळी बॉम्बही ऐकवायला लावलास आणि त्यालाही नापास केलंस. मी शहाणपणानं काय केलं होतं, की सुतळीला लवंगीची लेक केलं होतं. आमच्या भाषेत तशी सोय आहे, एका साच्यातून दुसरा जन्माला घालायचा, आईचं सगळं आपोआप लेकीला मिळतं, लेकीत वेगळं असेल तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, आईसारखीच, फक्त मोठ्यानं. तू म्हणालीस, "लवंगी मोठी केली म्हून सुतळी व्हती व्हय? ती आवळल्यानं वाजती. सैल बांधली तर नुसता धूर." आई, हे सांगायला आमच्याकडं मोठी मोठी पुस्तकं आहेत, आवाज सारखा वाटला म्हणून नातं जोडू नये, वस्तू कशाकशाची बनली आहे ते बघावं. मी ती वाचून परीक्षा पास झालेय. तू मात्र बिनसाखरेचा चहा पिता पिता सांगून मोकळी झालीस.

तू गेल्यावर मी सगळं मोडलं. साहेब म्हणाले, चाललंय ते चालू दे, तारीख जवळ आलीय. मी म्हटलं, ही लड खोटी आहे आणि खोटी लड माझ्या हातून बाहेर जाणार नाही. नळीचा वेगळा साचा केला, दारूचा वेगळा, आवळण्याचा वेगळा, आणि प्रत्येक फटाका ह्यांतून जोडून काढला, म्हणजे सुतळीला लवंगीची लेक व्हायची गरज राहिली नाही. मग मुकादमाला काढून टाकलं. लडीला मुकादम असतोच कुठं? एकीची वात पेटते, ती शेजारणीच्या वातीला भिडलेली असते, ती तिच्या शेजारणीला. हे मी ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी मला तुमची शेड डोळ्यांपुढं दिसली. मालकांची गाडी फाटकातून आत आली की दाराजवळची पोर पुढचीला खुणावते, आणि निरोप रांगेतून सरकत जातो. बानूबाई खोकते, कुणी पदर सावरते, कुणी चहाचा कप पाटीखाली सरकवते, आणि तुला ऐकू येत नाही म्हणून तुला कोपरानं ढोसतात. निरोप एकच, पण घेणारी तो आपल्या पद्धतीनं घेते. माझे हजार फटाके आता तसेच बसलेत. प्रत्येकाला फक्त आपली शेजारीण ठाऊक. कुणी झटकन पेटते, कुणी जरा रेंगाळते, आणि हजारातल्या वीस-बावीस तर फुसक्याच निघतात. पण फुसकी निघाली तरी जाता जाता शेजारणीला पेटवून जाते.

साहेबांना पसंत पडली. कृष्णराज म्हणाला, आता तरी सोड. पण तिच्यात अजून एक गोष्ट नव्हती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तुलाही माहीत आहे. लड कधी कधी दम धरते. दोन वातींची टोकं नीट भिडलेली नसली की जाळ तिथंच थांबतो, लड विझली असं वाटतं, पण वरचा दोरा आतल्या आत धुमसत असतो. तो त्या फटीवरून सरकत पलीकडच्या वातीपर्यंत पोचला, की राहिलेली लड उडते. लिहायला सोपं आहे. निरोप वातीनं न देता दोऱ्यानं द्यायचा, एवढंच. मी ते चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसून टाकलं. कृष्णराजला सांगितलं की जमत नाहीये. मला जमत नव्हतं हे खरंच होतं, पण ते कंप्युटरमुळं नव्हे.

आता ते लिहिते. आठ वर्षांपूर्वी मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या काही आठवडे आधी दोन दिवसांसाठी घरी आले होते. माल जायचा होता आणि बाया कमी होत्या, म्हणून तू मला शेजारी बसवलंस. माझा स्वतःचा दोरा नव्हता, तुझ्याच पिवळ्या रिळातून बांधत होते. मला साडेचारची एसटी गाठून होस्टेलला परतायचं होतं, संध्याकाळी मैत्रिणींचा बेत ठरला होता. शेवटची लड बांधताना एका जागी टोकं भिडली नाहीत. पेरभर फट राहिली. आई, मला ती दिसली होती. सोडून पुन्हा बांधायला दहा मिनिटं लागली असती. मी फटीवर दोन वेढे जास्त दिले आणि लड गठ्ठ्यात टाकून दिली. दुसऱ्या दिवशी चाचणीला नेमकी तीच निघाली. निम्मी वाजून थांबली. सगळे म्हणाले विझली. दोरा पिवळा होता, म्हणून बघायला तू गेलीस आणि उजवीकडून वाकलीस. मी तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते. नानांचा फोन आला आणि मला काही विचारायची गरजच पडली नाही, मला माहीत होतं कोणती लड. दवाखान्यात मालकांनी तुझ्या कानाशी ओरडून विचारलं, "बांधली कुणी?" आणि तू सांगितलंस, "दोरा माझा, लड माझी." मी तिथंच उभी होते, तुझ्या खाटेच्या पायाशी. बानूबाईची गाठ कुठली आणि नव्या पोरीची कुठली हे तू डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगतेस. तुला माझी गाठ ओळखू आली नसेल, हे मी कसं मानू? तुला माहीत होतं. तू आठ वर्षांत एकदाही विचारलं नाहीस आणि मी एकदाही बोलले नाही. गेल्या शुक्रवारी मी तो दम पाचव्यांदा लिहिला आणि पुसला नाही. लड चारशेच्या पुढं वाजली आणि थांबली. दोन सेकंद, तीन सेकंद, काहीच नाही. मग एकदम उरलेली सगळी. मीच लिहिलेली होती, तरी मी दचकून मान मागं घेतली. कृष्णराज म्हणाला, "आता ही खरी झाली." मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसून रडले, आणि तो शोधत आला तेव्हा त्याला सांगितलं की माझी आई शिवणकाम करत नाही, तेरखेड्यात फटाक्यांच्या लडी बांधते आणि पंचक्रोशीत तिच्याइतकं चांगलं कुणी बांधत नाही. मग आत येऊन साच्यातला पिवळा रंग काढून टाकला. आता बांधणारीनं आपला रंग सांगितल्याशिवाय माझ्याकडं लड तयारच होत नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी मी येतेय, तीन आठवड्यांची रजा मंजूर करून घेतलीय आणि मालकांशीही बोलून झालंय, तेव्हा त्यांच्याकडं तक्रार घेऊन जाऊ नकोस. सोमवारी तू शेडला जाणार नाहीस. तुझ्या जागेवर मी बसणार. चौदा पोरींना गाठ मी शिकवणार, टोकं भिडली का ते दर वेळी बोटानं चाचपायला लावणार, आणि नाही भिडली तर काय होतं तेही सांगणार, नाव घेऊन, माझं स्वतःचं. मैदानात थांबलेल्या लडीजवळ कुणीही वाकायला जायचं नाही, दोरा कुणाचाही असो, हे मालकांकडून कबूल करून घेतलंय. पोरींना सरावाला रिकाम्या नळ्या देणार आहे, बिनदारूच्या. त्या लडी रोज संध्याकाळी मी घरी घेऊन येईन आणि तू ओसरीवर बसून त्या तपासायच्या. त्याला कान लागत नाहीत, तुझी बोटं लागतात, तेव्हा त्यांना गाठ कोण शिकवणार ह्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजूनही तूच आहेस. माझी लडही त्यांच्यात असेल. फट सापडली तर सगळ्यांदेखत सांग. माझ्यावर रागवायचं असेल तर आठ वर्षांचं एकदमच रागव, मी समोर बसून ऐकून घेईन. तुझं पिवळं रीळ मात्र पेटीत ठेवून कुलूप लाव, त्याला मी आता हात लावणार नाही. मी इथून माझं रीळ घेतलंय. निळं आहे.

तुझ्या शेजारी बसून शिकलेली,
तुझीच
निकिता